सुरुंगाचं माहेर

निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक मथळा हमखास सापडतो. कुणीतरी कुणाच्या तरी बालेकिल्ल्याला सुरुंग लावलेला असतो. मतदारसंघ बदलतात, पक्ष बदलतात, अलीकडे तर उमेदवार तोच राहून पक्ष बदलतो, पण सुरुंग मात्र कायम. गड, खिंडार, रसद, तह, सुरुंग ही आपल्या राजकीय बातमीदारीची शिदोरी. शिवकाळापासून बांधून आणलेली, ती अजून संपलेली नाही. त्यातला सुरुंग तर अगदी अस्सल वाटतो, सह्याद्रीच्या काळ्या दगडातून फोडून काढलेला.

तो आला ग्रीकांकडून. आणि तिथे त्याचा अर्थ होता गुराख्याचा पावा.

ग्रीक शब्द सिरिंक्स. आपल्या बासरीसारखी एकच नळी नव्हे. बोरूच्या पाच-सात-नऊ नळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, मेणानं आणि दोऱ्यानं एकमेकींना जोडायच्या, आणि वरच्या उघड्या तोंडांवरून ओठ फिरवत फुंकायचं. बोटांनी झाकायला भोकं नाहीत. प्रत्येक नळीचा एकच सूर. आपण चित्रांत पाहतो तो पावा एका बाजूला निमुळता होत गेलेला असतो, लांब नळीपासून आखूड नळीपर्यंत. जुन्या ग्रीक चित्रांतला पावा मात्र बहुतेक वेळा चौकोनी दिसतो, म्हणजे सगळ्या नळ्या बाहेरून सारख्याच लांबीच्या. मग सूर वेगवेगळे कसे? नळीत खालून मेण भरायचं. जितकं मेण जास्त तितकी आतली पोकळी कमी आणि सूर उंच. बाहेरून सगळ्या सारख्या, फरक सगळा आतल्या रिकामपणात. पुढे थिओक्रिटस या ग्रीक कवीच्या नावावर एक गंमतशीर कविता आली. तिच्या ओळी जोडीजोडीनं आखूड होत जातात आणि पानावर पाव्याचा आकार उमटतो. निमुळता आकार नंतरचा असेल तर ही कविता थिओक्रिटसची कशी, असा वाद पंडितांनी त्यावरून घातला. मेणामुळे एका कवीची कविता धोक्यात यावी, हे मला आवडतं.

उच्चाराचं एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास सोपा होईल. आपण ‘सिरिंक्स’ म्हणतो ते लॅटिन आणि इंग्रजीच्या वाटेनं आलेल्या सवयीमुळे. त्यातला पहिला स्वर ग्रीकात ‘उ’च्या जवळचा होता. शेवटचा ‘क्स’ फक्त प्रथमेत दिसतो. आपल्याकडे सामान्यरूप होताना शब्द जसा बदलतो तसा ग्रीकातही बदलतो, आणि द्वितीयेत हाच शब्द ‘सुरिंगा’ असा ऐकू येतो. आता संस्कृतातला ‘सुरुङ्गा’ शेजारी ठेवून पाहा. मधल्या ‘इ’ला शेजारच्या ‘उ’नं आपल्याकडे ओढून घेतलं, एवढाच काय तो फरक.

होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द थोड्याच ठिकाणी येतो, पण त्या जागा मोठ्या बोलक्या आहेत. दहाव्या सर्गाच्या सुरुवातीला रात्रीच्या वेळी ग्रीकांचा सेनापती राजा अगामेम्नॉन याला झोप लागत नाही. समोर मैदानात ट्रोजनांच्या शेकोट्या पेटलेल्या आहेत आणि त्यांच्या छावणीतून पाव्यांचा आवाज येतो आहे. शत्रू निवांत आहे, हे त्या आवाजातून कळतं आणि राजाची झोप आणखीच उडते. अठराव्या सर्गात ग्रीक वीर अकिलीसच्या नव्या ढालीवर कोरलेल्या चित्रांचं वर्णन आहे. त्यात दोन गुराखी पावा वाजवत गुरांच्या मागून येतात. नदीकाठी शत्रू दबा धरून बसला आहे, याची त्यांना कल्पना नाही. पुढच्या दोन-चार ओळींत ते मारले जातात. होमर त्यांच्यासाठी अश्रू ढाळत बसत नाही. पावा वाजवत होते, त्यांना कपट ठाऊक नव्हतं, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

एकोणिसाव्या सर्गात अकिलीस युद्धासाठी सज्ज होतो. चिलखत चढवतो, ढाल घेतो, आणि मग ‘सिरिंक्स’मधून बापाचा भाला उपसून काढतो. पेलिअसचा तो जड भाला, जो दुसऱ्या कुणाला पेलवत नसे. इथे पाव्याचा संबंध नाही. भाला ठेवायची लांब, पोकळ म्यान म्हणजे सिरिंक्स. म्हणजे अगदी सुरुवातीपासूनच या शब्दाचा जीव बोरूत नव्हता, सुरात नव्हता. तो होता पोकळीत. लांब, अरुंद, आतून रिकामी कुठलीही जागा. तिच्यात फुंकर घाला, भाला ठेवा, नाहीतर आणखी काही.

ग्रीकांनी तिच्यात पुढे बरंच काही घातलं. रथाच्या चाकाच्या तुंब्याला आरपार जे भोक असतं, ज्यात आस फिरतो, त्यालाही सिरिंक्स म्हणत. एस्किलसच्या एका नाटकात म्हातारा बाप मुलींना सांगतो, धूळ दिसते आहे, सैन्य येतंय, तुंब्यातल्या नळ्या गप्प बसत नाहीत. ग्रीज नसलेल्या बैलगाडीचा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही. वैद्यांनी तर शरीरातच सिरिंक्स शोधली. भगंदरासारख्या नळीदार, वाहत्या व्रणाला त्यांनी हेच नाव दिलं. हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या संग्रहात या विकारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात अळशीचा धागा घोड्याच्या केसासोबत पिळून व्रणातून ओवायचा, गाठ मारून रोज थोडा थोडा आवळायचा, अशी रीत सांगितली आहे. सुश्रुतसंहितेतलं क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, ज्यांना माहीत आहे त्यांचे कान इथे टवकारतील. सुश्रुत या विकाराच्या भावंडाला ‘नाडीव्रण’ म्हणतो. नाडी म्हणजे पुन्हा पोकळ देठ, नळी. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उपमा काढली.

याच शब्दापासून क्रियापद झालं. शीळ घालणं, सापानं फूत्कार टाकणं, आणि नाट्यगृहात वाईट नटाची शिट्ट्या मारून हुर्यो उडवणं. डेल्फीला अपोलोनं मोठ्या सर्पाला मारलं त्या प्रसंगावर एक वाद्यरचना वाजवली जाई. तिच्या शेवटच्या भागाचं नावच ‘सिरिंगेस’, कारण त्यात मरत्या सापाचे शेवटचे फूत्कार वाजवून दाखवायचे असत. आणि शिट्ट्यांचं म्हणाल तर इ.स.पू. ३३० मधलं अथेन्सच्या डेमॉस्थेनिस या पुढारी वक्त्याचं भाषण काढून वाचावं. त्याचा वैरी एस्किनिस तरुणपणी नट होता, तोही दुय्यम भूमिकांचा. भर न्यायसभेत डेमॉस्थेनिस त्याला सुनावतो: तू तिसऱ्या दर्जाचा नट होतास, मी प्रेक्षक होतो. तुला रंगमंचावरून हाकललं जायचं, मी शिट्ट्या मारायचो. राजकारणातली आपली पातळी घसरली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा उतारा जवळ ठेवावा. घसरायला ती पातळी कधी फार उंच नव्हतीच.

पॅनची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. रोमन कवी ओव्हिडनं ती सांगितली आहे. आर्केडियाच्या डोंगरात सिरिंक्स नावाची वनदेवता असते. बकऱ्याच्या पायांचा पॅन तिच्या मागे लागतो. ती धावत लाडोन नदीपर्यंत येते, पुढे पाणी, वाट संपलेली. पाण्यातल्या बहिणींना ती हाक मारते, माझं रूप बदला. पॅन मिठी मारतो तर हातात बोरूचं बेट. तो उसासा टाकतो, तो उसासा बोरूतून घुमतो, आणि तो म्हणतो, निदान एवढा तरी संवाद तुझ्याशी राहील. मग तो बोरू कापून मेणानं जोडतो. गोष्ट सुंदर आहे, आणि अंगावर येणारीही. पळून सुटलेल्या बाईला कापून तिचं वाद्य करायचं आणि त्याला संवाद म्हणायचं, हे पॅनच करू जाणे. पण शब्दाच्या उगमासाठी या गोष्टीचा उपयोग नाही. ओव्हिडच्या निदान सातशे वर्षं आधी होमरकडे शब्द आहे, तोही भाल्याच्या म्यानेसकट. शब्द आधी, बाई नंतर. शिवाय पाव्याचा जनक पॅनच, यावर ग्रीकांचंही एकमत नव्हतं. एका जुन्या स्तोत्रात हर्मिस हा देव आपली वीणा अपोलोला देऊन टाकतो आणि मग स्वतःसाठी पावा बनवतो.

मग शब्द आला कुठून? इथे भाषाशास्त्रज्ञ ग्रीकांचाही हक्क काढून घेतात. साल्पिंक्स म्हणजे रणशिंग, फॉर्मिंक्स म्हणजे एक प्रकारची वीणा, सिरिंक्स म्हणजे पावा. गळ्यातले लॅरिंक्स आणि फॅरिंक्स हेही त्याच घडणीचे. या ठेवणीचे शब्द ग्रीकच्या बहिणभाषांत, म्हणजे लॅटिन किंवा संस्कृतात, सहसा सापडत नाहीत. म्हणून बरेच अभ्यासक मानतात, की ग्रीक बोलणारे लोक त्या भूमीत येण्याआधी तिथे जे लोक होते, त्यांचे हे शब्द असावेत. ज्यांची लिखित ओळ आपल्याला वाचता येत नाही, त्यांची वाद्यं मात्र उरली. म्हणजे आपण ज्याला सुरुंगाचं माहेर म्हणतो आहोत, तेही त्याचं आजोळच निघालं.

प्लेटोनं आपल्या आदर्श नगरातून बहुतेक वाद्यं हाकलली. शहरात लायर आणि किथारा एवढ्या दोन तंतुवाद्यांना परवानगी. पावा मात्र रानातल्या गुराख्यांसाठी चालेल, असं तो म्हणाला. निरुपद्रवी वाद्य म्हणून सूट. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत हाच शब्द तटबंद्यांखाली शिरला.

तटाखाली भुयार खणून शहर घ्यायची युक्ती फार जुनी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिबियातल्या बार्का शहराची हकीकत दिली आहे. इराणी सैन्यानं तटाखाली भुयारं खणायला घेतली. शहरातल्या एका कासारानं शक्कल काढली. पितळ-काशाची ढाल घेऊन तो तटाच्या आतून फिरला आणि जागोजागी ती जमिनीवर टेकवत गेला. जिथे खाली काही नव्हतं तिथे ढाल मुकी राही. जिथे खालून कुदळी चालत, तिथे ती झणझणे. मग वरून प्रतिभुयार खणून आतल्या इराण्यांना गाठायचं. इ.स.पू. १८९ मध्ये रोमनांनी ग्रीसमधल्या अँब्राशियाला वेढा घातला तेव्हाची गोष्ट तर इतिहासकार पॉलिबिअसनं एखाद्या कारखान्याच्या पुस्तिकेसारखी तपशिलानं लिहिली आहे. आतल्या लोकांना बाहेर मातीचा ढीग वाढताना दिसला. त्यांनी तटाच्या आत चर खणला, चराच्या भिंतीला पातळ पत्र्याची भांडी लावली आणि कान देऊन बसले. आवाज आला तिथून समोरासमोर भुयार खणून ते रोमनांना भिडले. भाल्यांनी काही निभेना. तेव्हा कुणीतरी सुचवलं, भुयाराच्या मापाचा एक रांजण आणा. बुडाला भोक पाडून लोखंडी नळी बसवली, रांजण बारीक पिसांनी भरला, तोंडाशी निखारा ठेवला, भोकाभोकाचं लोखंडी झाकण लावलं आणि ते तोंड शत्रूकडे करून मागून लोहाराचा भाता मारला. जळत्या पिसांचा धूर रोमनांवर. केस जळल्याचा वास आठवून पाहा आणि तो अरुंद भुयाराच्या अंधारात कोंडलाय अशी कल्पना करा. रोमन बाहेर पळाले.

याच पॉलिबिअसच्या काळापर्यंत सिरिंक्सला भुयार, झाकलेली वाट असा अर्थ चिकटला होता. अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात अशी एक वाट होती. इ.स.पू. २०३ मध्ये शहर खवळून उठलं तेव्हा अगाथोक्लीस हा कारभारी पोरसवदा राजाला घेऊन तिथेच जाऊन लपला. वाचला नाही, ती गोष्ट वेगळी. इजिप्तमध्ये गेलेल्या ग्रीकांनी थीब्जच्या डोंगरात फेरोंची खोदीव थडगी पाहिली, लांबच लांब उतरत जाणारी, आणि त्यांनाही सिरिंगेस म्हटलं. त्या भिंतींवर ग्रीक प्रवाशांनी खरवडलेली नावं शेकड्यांनी आहेत. ‘पाहिलं आणि थक्क झालो’ अशा धर्तीचा मजकूर. आपल्या गडांवर बाण मारलेल्या बदामात नावं लिहिणाऱ्यांना केवढी मोठी परंपरा आहे, हे त्यांना कुणी सांगू नये.

अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३२ मध्ये गाझाच्या तटाखालची माती उपसली. सहा वर्षांनी पंजाबात सांगल नावाच्या शहरापुढे त्याच्या माणसांनी तेच केलं. तट विटांचा होता. यंत्रं लावायची वाटही न पाहता मॅसिडोनियन सैनिकांनी तो पायातून पोखरून पाडला, असं अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन सांगतो. शब्द नेमका त्याच दिवशी, त्याच मातीत हस्तांतरित झाला असं काही कुणी म्हणू शकणार नाही. त्यानंतर पाटलीपुत्राला मेगास्थेनिससारखे राजदूत आले, पुढे वायव्येला ग्रीक राजांनी दीड-दोनशे वर्षं राज्यं केली. वेढे, पगारी सैनिक, कारागीर यांची ये-जा चालूच राहिली.

संस्कृतात तो शब्द ‘सुरुङ्गा’ होऊन बसलेला सापडतो तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. राजाचं निवासस्थान कसं असावं हे सांगताना कौटिल्य अनेक सुरुङ्गांमधून ये-जा करता येईल असा प्रासाद सुचवतो. अलेक्झांड्रियाच्या वाड्यातली ती वाट इथे आठवावी. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या पंडितांत त्याच्या काळावरून जुंपली. त्या भांडणात हा एक शब्द साक्षीदार म्हणून उभा केला गेला. ऑटो स्टाइन यांनी १९२५ मध्ये सिरिंक्स आणि सुरुङ्गा यांच्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. शब्द ग्रीक असेल तर तो रुळायला वेळ लागणार, मग हा ग्रंथ चंद्रगुप्ताच्या मंत्र्याचा कसा, असा तो रोख. काहींनी शब्दाचं मूळ ग्रीकात न शोधता आग्नेय आशियातल्या भाषांत शोधलं. मला ग्रीक बाजू पटते. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, आणि ज्यांच्याकडून हे तंत्र येण्याची शक्यता आहे ते लोक त्या काळी त्या मुलखात कुदळी घेऊन हजर होते. तीन साक्षी झाल्या. र. पं. कंगले यांच्यासारख्या मराठी माणसानं मुंबईत बसून अर्थशास्त्राची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली आणि मराठीतही आणली, त्यामुळे हे सगळं आपल्याला आपल्या भाषेत वाचता येतं.

‘मुद्राराक्षस’ नाटकात सुरुंगाचा प्रसंग तर पोलीस तपासाच्या वरताण आहे. चंद्रगुप्ताला झोपेत मारण्यासाठी राक्षस नावाच्या नंदांच्या अमात्याची माणसं त्याच्या शयनगृहाच्या भिंतीतल्या सुरुंगात लपून बसलेली असतात. चाणक्य आत येऊन पाहणी करतो. भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर येताना दिसते, आणि मुंग्यांच्या तोंडात भाताची शितं. शितं आहेत म्हणजे जेवणारं कुणीतरी आत आहे. चाणक्य खोलीला आग लावायला सांगतो.

आणि महाभारत. लाक्षागृहातून पांडव निसटले ते ज्या वाटेनं, तिलाही तिथे सुरुङ्गा म्हटलं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीतही तो शब्द आहे, म्हणजे कुणा उशिराच्या लेखनिकानं घुसडलेला नव्हे. त्याच प्रसंगात आणखी एक गंमत. विदुरानं पाठवलेला खनक, म्हणजे भुयार खणणारा, युधिष्ठिराला ओळख पटवून देताना म्हणतो, विदुर तुझ्याशी म्लेच्छवाणीत काही बोलला होता, तू ‘समजलं’ म्हणालास, हीच माझी खूण. म्लेच्छवाणीत दिलेला इशारा आणि यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, शब्दानं ओळखलं जाणारं भुयार, एकाच गोष्टीत. यावरून विदुराला ग्रीक येत होतं, असा फॉरवर्ड तयार करण्याचा मोह कृपया आवरावा. म्लेच्छ म्हणजे ग्रीकच, असं कुठेही म्हटलेलं नाही.

एक प्रश्न मला जास्त छळतो. पोकळ लांबट वस्तूंसाठी संस्कृतात शब्दांचा तोटा होता का? मुळीच नाही. नल म्हणजे बोरूच. त्यापासून नळ, नळी, नाळ, नाडी असं केवढं गणगोत. आपल्याकडे ‘नळी फुंकिली सोनारें, इकडून तिकडे गेले वारें’ ही म्हण आहे. तीत सिरिंक्सचं सगळं तत्त्वज्ञान येऊन जातं. बिळासाठी बिल होता, विवर होता. तरी परका शब्द घेतला. माझ्या मते कारण साधं आहे. भुयारं सगळ्यांनाच माहीत होती, पण वेढ्यातलं भुयार हे एक तंत्र होतं. माप, आधाराची लाकडं, हवा, दिशा, माती लपवणं. तंत्र शिकवणारा ज्या नावानं ते शिकवतो, शिकणारा तेच नाव उचलतो. आपल्याकडचे मिस्त्री ‘स्लॅब’, ‘लेव्हल’ आणि ‘लिंटल’ का म्हणतात, त्याचंही हेच उत्तर.

आता सह्याद्रीतला यवन. कार्ले, जुन्नर, नाशिक इथल्या लेण्यांत यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. नाशिकच्या एका लेण्यातला दाता स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा योणक म्हणवतो आणि त्याचं नाव आहे इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा. नावात इंद्रही आहे, अग्नीही आहे, आणि ओळख मात्र यवन. पण सुरुंगाचा शब्द त्यांनी आणला नसावा. ते डोंगर पोखरून घेणारे होते खरे, पण वर्षानुवर्षं छिन्नीनं, आणि आत राहणार होते भिक्खू. शब्द आपल्याकडे आला तो संस्कृत-प्राकृताच्या हमरस्त्यानं.

त्यात दारू भरली गेली ती फार नंतर. बंदुकीची दारू हिंदुस्थानात रुळली आणि भुयार खणून, लाकडी टेकू जाळून तट खचवण्याऐवजी भुयारात दारूची पोती रचून वात पेटवायची रीत पडली. इथे हिंदी आणि मराठी या दोघींची वाट वेगळी झाली. हिंदीत सुरंग म्हणजे अजूनही मुख्यतः बोगदा. दारूचा असेल तर ‘बारूदी’ असं वेगळं सांगावं लागतं. आपण भुयार आणि बोगदा हे शब्द वाटेला दिले आणि सुरुंग राखून ठेवला तो स्फोटाला. घाटात ‘पुढे सुरुंगाचे काम चालू आहे’ अशी पाटी वाचून हिंदी भाषक पुढे बोगदा लागेल म्हणून दिवे लावून बसेल, आणि मराठी माणूस गाडी थांबवेल.

मराठीनं असं का केलं असावं? मला वाटतं, आपल्या वाट्याला सुरुंग आले ते किल्ल्यांच्या बाजूनं. १६६० मध्ये शाईस्तेखानानं चाकणचा संग्रामदुर्ग वेढला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. भुईकोट किल्ला, त्यामुळे खाली खणता येत होतं. ऑगस्टमध्ये सुरुंगानं बुरूज उडाला, त्यावरची माणसं त्याबरोबर उडाली. आणि चाळीस वर्षांनी सातारा. औरंगजेब स्वतः अजिंक्यताऱ्यापुढे तळ देऊन बसला होता. राजाराम महाराज मार्चमध्ये सिंहगडावर वारले. त्यानंतर, एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी खडकात खोदलेले सुरुंग पेटवले. पहिल्यानं तटाचा भाग आत कोसळला, किल्ल्यातले कितीतरी लोक गाडले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. हल्ल्यासाठी मोगल फौज अगदी खाली येऊन दाटली होती. मग दुसरा सुरुंग उडाला आणि बुरूज आत न पडता बाहेर पडला, त्या फौजेवर. दोन हजारांच्या आसपास माणसं एका क्षणात गेली. किल्ला थोड्याच दिवसांत वाटाघाटीनं गेला, त्याचं नाव आझमतारा झालं. पण दारू कुणाची बाजू घेत नाही, हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना कळलं. अजिंक्यताऱ्यावर मी गेलो की तटाची ती बाजू शोधत बसतो. शेजारी लोक रील बनवत असतात.

त्या ग्रीक घरातून मराठीत आणखी एक मूल आलंय, अगदी उशिरा, विलायतेहून इंग्रजीच्या बोटीनं. सिरिंज. तीच पोकळ नळी, तेच नाव. सरकारी दवाखान्यात नर्सच्या हातात सिरिंज आणि बाहेर रस्त्याच्या कामावर सुरुंग, ही सख्खी भावंडं. एकमेकांना ओळखत नाहीत. चुलत घराण्यातला ‘कलम’ही बघा. ग्रीकात कालामोस म्हणजे बोरू, ज्याच्या नळ्यांचा पावा होतो. तो अरबी-फारसीतून लेखणी होऊन आला, मग कायद्याचं कलम झाला आणि हापूसचं कलमही. पक्ष्यांच्या गळ्यातल्या आवाजाच्या पेटीलाही शास्त्रज्ञ सिरिंक्स म्हणतात. ती श्वासनळी जिथे दुभंगते तिथे असते, म्हणून काही पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढू शकतात. या एका ठिकाणी शब्द पुन्हा गाण्याकडे परतला.

मामाच्या मळ्यातली विहीर खोल करायचं काम निघालं तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. वरचा मुरूम आणि मांजऱ्या कधीच संपलेला, खाली काळा पाषाण. ट्रॅक्टरच्या कंप्रेसरवर चालणारं यंत्र लावून दोघं जण भोकं पाडत होते, धुळीनं भुवया पांढऱ्या. प्रत्येक भोकात कांडी सोडायची, वायर वर घ्यायची आणि मग वरून ओली माती काठीनं ठासून भरायची. ठासणं महत्त्वाचं. तोंड उघडं राहिलं तर सगळा जोर वर निघून जातो, दगड फुटत नाही, नुसता पिचकारीसारखा धूर येतो. ग्रीक गुराखी नळीत मेण भरून सूर बांधायचा, इथे माती भरून जोर बांधत होते.

ठासणारे काका गावातलेच, हे काम बापापासून करत आलेले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सगळी कहाणी ऐकवली, पाव्यापासून पंजाबपर्यंत. भाकरीवर ठेचा घेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी ते बी विहिरी खोदायचे?”

“नाही काका, किल्ले पाडायचे. खालून भुयार खणून.”

“दारू होती का त्यांच्याकडं?”

“नव्हती. दारू फार नंतर आली.”

त्यांनी तांब्या उचलला, चूळ भरून बाजूला टाकली आणि माझ्या मामाकडे बघितलं, हा पाहुणा शहरात नक्की काय शिकवतो अशा नजरेनं.

“मग कसला वो सुरुंग त्यो? नुस्तं बीळ.”

आणि वायरी जोडायला खाली उतरले.